सरासरीकडे परतणारे आकडे

मागील लेखांकात सहसंबंध गुणकाचा परिचय करून देताना असे म्हटले होते की, मानसशास्त्रातील दोन मापनांमध्ये पूर्ण सहसंबंध, म्हणजे १, जवळजवळ कधीच आढळत नाही. या अपुरेपणातून निघणारा एक परिणाम गणिताच्या दृष्टीने अगदी साधा असूनही संशोधकांना वारंवार चकवतो. त्याला सरासरीकडे होणारे प्रतिगमन म्हणतात. पहिल्या मापनात जे लोक सरासरीच्या फार वर किंवा फार खाली आढळले, त्यांचेच पुन्हा मापन केले असता गट म्हणून ते सरासरीच्या अधिक जवळ सरकलेले दिसतात, आणि त्यासाठी मधल्या काळात काहीही घडलेले असावे लागत नाही.

याचे कारण मापनातच दडलेले असते. चाचणीतील गुणांत व्यक्तीच्या खऱ्या क्षमतेचा वाटा असतो, तसाच आदल्या रात्रीच्या झोपेचा, नेमक्या ओळखीच्या निघालेल्या प्रश्नांचा किंवा चुकून बरोबर आलेल्या उत्तरांचाही असतो, आणि या दुसऱ्या, योगायोगाच्या वाट्याला मापनातील त्रुटी म्हणतात. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत क्षमतावान लोक असतात हे खरे, परंतु त्या दिवशी नशिबाने साथ दिलेल्यांची त्यांत अधिक भरती झालेली असते आणि ती साथ दुसऱ्या वेळी त्याच लोकांना मिळेलच असे नाही. समजा, चाचणीची सरासरी ५० आहे, दोन्ही वेळच्या गुणांचा पसारा सारखा आहे आणि सहसंबंध ०.७ आहे. अशा वेळी प्रथम ८० गुण मिळवणाऱ्यांची दुसऱ्या चाचणीतील अपेक्षित सरासरी ७१ येते, कारण सरासरीपासूनच्या ३० गुणांच्या अंतरापैकी सात दशांश, म्हणजे २१ गुणच टिकतात. त्याच हिशेबाने २० गुणवाले २९ वर जातात. सहसंबंध जितका कमी, तितकी ही घसरण किंवा चढण मोठी.

ही गोष्ट प्रथम पद्धतशीरपणे मांडली ती इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीची तुलना केली. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या उंचीशी तुल्य करून घेतली आणि आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढली, तेव्हा असे दिसले की आईवडील सरासरीपासून जितके दूर, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश अंतरावरच त्यांची मुले असतात. याहून मार्मिक बाब अशी की, तुलना उलट दिशेने केली तरी प्रतिगमन दिसतेच, म्हणजे अतिशय उंच मुलांचे आईवडील मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ असतात. मुलांनी आईवडिलांना बुटके केले असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच प्रतिगमन हे कारण नसून अपुऱ्या सहसंबंधाचे केवळ दुसरे रूप आहे, हे या उलट तुलनेइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या कशातून कळते.

माणसाचे मन मात्र अशा बदलाला कारण चिकटवल्याशिवाय राहत नाही. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७३ सालच्या निबंधात इस्रायलमधील वैमानिक प्रशिक्षकांचे उदाहरण दिले आहे. चांगल्या उड्डाणानंतर शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते, हा त्या अनुभवी प्रशिक्षकांचा अनुभव होता आणि निरीक्षण म्हणून तो खोटाही नव्हता. खोटा होता तो शाबासकी बाधते हा निष्कर्ष. असाधारण उड्डाणानंतरचे उड्डाण बहुधा कमी चांगले आणि वाईटानंतरचे कमी वाईट होणार, मग प्रशिक्षक बोलो वा न बोलो. काहनेमन यांनी प्रशिक्षकांना पाठीमागील लक्ष्यावर न पाहता दोन नाणी फेकायला लावून हेच दाखवले : ज्यांचे पहिले नाणे लक्ष्याच्या सर्वांत जवळ पडले, त्यांचे दुसरे बहुतेक लांब गेले आणि उलटही घडले.

उपचारांच्या संशोधनात या घोटाळ्याची किंमत मोठी असते, कारण तेथे सहभागी व्यक्ती बहुधा त्रास टोकाला पोहोचल्यावरच येतात. खिन्नतेचे गुण सर्वाधिक असलेले लोक निवडून त्यांना सहा आठवडे समुपदेशन दिले आणि गुण सरासरीने ८ ने उतरले, तर ते श्रेय समुपदेशनाचे की प्रतिगमनाचे, हे त्या एका गटावरून सांगता येत नाही. यासाठी तितकेच खिन्न, परंतु उपचार न मिळालेले लोक नियंत्रित गट म्हणून ठेवावे लागतात. त्यांचे गुण त्याच काळात ६ ने उतरले असतील, तर समुपदेशनाचा परिणाम म्हणून ८ नव्हे, २ गुणच मोजायचे. हे दोन गट मुळात सारखे राहतील अशी विभागणी कशी करायची, ते पुढील लेखांकात पाहू.