मुदत संपलेल्या यंत्रांची हमी

10 वर्षांचा दूरचित्रवाणी संच ज्या घरी अद्याप चालू असतो, तेथे देखभालीच्या वार्षिक कराराची रक्कम, तीवरील 18 टक्के जीएसटीसह, दरसाल निमूटपणे भरली जाते. परंतु ज्या संचाचे उत्पादन केव्हाच बंद पडले आणि ज्याचे पॅनेल आता भांडारात शिल्लक नाही, त्याच्या दुरुस्तीचे अभिवचन कोणत्या आधारावर मिळते, हे ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वीच विचारले पाहिजे. सुटा भाग न मिळाल्यास घसारा वजा करून उरलेली किंमत द्यावी, अशी शर्त अनेक करारनाम्यांत असते, आणि जुन्या यंत्राच्या बाबतीत ही उरलेली किंमत अत्यल्प असते. माझ्या मते, अशा वेळी कराराची रक्कम नव्या संचासाठी बाजूस ठेवणे अधिक हिताचे. वृद्ध, एकाकी ग्राहकांकडून दूरध्वनीवरून या करारांना होकार वदवून घेणे तर सर्वथैव अन्यायाचे आहे. कबूल केलेली सेवा न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे दाद न लागल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे फिर्याद करता येते, आणि ग्राहकाने दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क पडत नाही. पावती व करारनामा मात्र जपून ठेवलेला असावा.