गोड बाटली, बेचव पुडी

भाईंदर पूर्वेला औषधांच्या काउंटरवर उभं राहिलं की कळतं, बद्धकोष्ठाचं औषध नेहमी हळू आवाजात मागितलं जातं. मागे कोणी ओळखीचं उभं असेल तर काकी नुसती चिठ्ठी पुढे सरकवतात. नोकरीला जाणाऱ्या मुली मोकळेपणाने सांगतात: सकाळी लोकल चुकू नये म्हणून कळ दाबून निघायचं आणि प्रवासात लघवीला जायला नको म्हणून पाणीच कमी प्यायचं. मळ जितका वेळ मोठ्या आतड्यात अडून राहतो, तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो.

चिठ्ठीवर बहुधा दोनपैकी एक नाव असतं: लॅक्ट्युलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. सोनामुखीसारखं रेचक आतड्याला ढकलतं. चिठ्ठीवरची ही दोन्ही औषधं मात्र मुख्यतः पाण्यावर काम करतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तत्त्व तेच.

लॅक्ट्युलोज म्हणजे गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची बनवलेली जोडसाखर. ती तोडणारं एन्झाइम आपल्या लहान आतड्यात नाही, म्हणून ती तशीच मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जिवाणू तिला आंबवतात, आम्लं तयार होतात, पाणी ओढलं जातं. सोबत गॅसही होतो. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, पण लोक दुसऱ्याच सकाळी येऊन म्हणतात, "औषध लागू पडलं नाही."

या आम्लांचा आणखी एक मोठा उपयोग आहे. लिव्हर सिऱ्होसिसमध्ये रक्तात अमोनिया साठून माणूस गोंधळतो, गुंगीत जातो. आम्लामुळे आतड्यातला अमोनिया अमोनियममध्ये बदलतो, सहजी शोषला जात नाही आणि मळाबरोबर बाहेर पडतो. नवऱ्यासाठी बाटली नेणाऱ्या एका ताई म्हणाल्या, "आता पोट साफ होतंय, बंद करते." मी त्यांना काउंटरवरूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला. अशा पेशंटला दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होणं हाच उपचार असतो.

पावडरीचं काम वेगळं चालतं. तिचे लांब रेणू पाणी धरून ठेवतात, जिवाणूंना ते तोडता येत नाहीत, रक्तात ते जवळपास उतरत नाहीत. म्हणून गॅस कमी. नेहमीचा डोस १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. दोन घोटांत पावडर उरकणाऱ्यांना मी थांबवतोच, कारण ते पाणीच पुढे आतड्यात टिकायचं असतं. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी हाच पदार्थ क्षारांसह लिटरच्या मापाने पाजतात. आतडं धुऊन निघतं आणि शरीरातलं पाणी-क्षारांचं गणित फारसं बिघडत नाही.

जुनाट बद्धकोष्ठासाठी २०१० च्या कॉक्रेन आढाव्याने पावडरीला झुकतं माप दिलं आणि काउंटरवरचा माझा अनुभवही तोच आहे. पण लिव्हरच्या पेशंटची बाटली कोणाच्या सांगण्यावरून पुडीवर नेऊ नका. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पोट फुगून उलट्या होत असतील, तर आमच्याकडे येऊ नका. थेट डॉक्टरांकडे जा.