खाकीआधीची तीन वर्षं

२०२४ मध्ये झालेल्या महाराष्ट्र पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर अर्ज. शिपाईपदाला बारावी पुरते, तरी त्या रांगेत पदवीधर मोठ्या संख्येने उभे होते. यातल्या बऱ्याच मुलामुलींचं कॉलेजात फक्त नाव असतं. सकाळ ग्राउंडवर जाते, दुपार अकॅडमीत, आणि कॉलेज परीक्षेपुरतं उरतं. मला हे नुकसानीचं वाटतं. पदवीची ती तीन वर्षं नीट वापरली तर भरतीलाही उपयोगी पडतात आणि भरतीनंतरच्या तीस वर्षांनाही. ती कशी वापरायची, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी वाटा समजून घ्या. पहिली वाट शिपाईपदाची. वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढलेली हवी. आधी ५० गुणांचं मैदान, मग १०० गुणांची लेखी. मैदानात निम्मे गुण मिळवणाऱ्यांमधून गुणवत्तेनुसार एका जागेमागे दहा जणांनाच लेखीला बोलावतात. दुसरी वाट पोलीस उपनिरीक्षकपदाची. ती लोकसेवा आयोगातून जाते आणि तिथे पदवी लागतेच. पूर्वपरीक्षा, ४०० गुणांची मुख्य, पात्रतेपुरती शारीरिक चाचणी, ४० गुणांची मुलाखत आणि मग नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण. आयपीएसची तिसरी वाट केंद्रीय लोकसेवा आयोगाची. तिची तयारी हा वेगळाच संसार आहे.

पहिल्या दोन वाटा एकमेकींना तोडत नाहीत. बारावीनंतर शिपाई झालेली कितीतरी मुलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतात आणि खात्यांतर्गत परीक्षा देऊन उपनिरीक्षक होतात. घरची ओढाताण असेल तर हा मार्ग निःसंकोच धरावा. त्यात कमीपणा काही नाही.

मैदानाबद्दल अकॅडमीत सगळं सांगतात, म्हणून इथे थोडक्यात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा चार किलोचा. १६०० मीटरचे २० पैकी २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं; मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद. जाहिरात आल्यावर दोन महिन्यांत ही वेळ गाठायला गेलं की नडगी धरते, गुडघा जातो. प्रथम वर्षापासून आठवड्याला चार दिवस हळूहळू अंतर वाढवणाऱ्याचे पाय तिसऱ्या वर्षी आपोआप तयार असतात. आणि कृपा करून पहाटेच्या अंधारात हायवेवर धावू नका. कॉलेजचं मैदान सकाळी उघडं ठेवा, असा अर्ज दहा जणांनी मिळून प्राचार्यांना दिला तर तो सहसा नाकारला जात नाही. एनसीसी असेल तर पहिल्याच महिन्यात नाव घाला. ‘सी’ प्रमाणपत्राला भरतीत जादा गुण आहेत. शिवाय कवायतीची सवय प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवसापासून कामी येते.

आता विषयांची निवड. ‘पोलीस व्हायला कुठली पदवी घेऊ?’ हा प्रश्न मुलं सर्रास विचारतात. नियमाला कुठलीही चालते. कामाला मात्र प्रत्येक शाखा वेगळी उपयोगी पडते. वाणिज्यवाल्याला ताळेबंद वाचता येतो, आणि आर्थिक गुन्हे शाखेत पतसंस्थेच्या घोटाळ्याचा तपास ताळेबंदापासूनच सुरू होतो. संगणकवाल्याला हॅश व्हॅल्यू म्हणजे काय ते माहीत असतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात तीच लिहावी लागते. रसायनशास्त्रातून न्यायवैद्यक विज्ञानाकडे जाता येतं. त्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय संस्था आहेत. मानसशास्त्र तर दुय्यम मानूच नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं २४ वं कलम सांगतं की अत्याचार झालेल्या मुलाचा जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा. असं कलम का लिहावं लागलं, हे बालमानसशास्त्राचा एक पेपर मन लावून अभ्यासलेल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कायद्याची तोंडओळख कॉलेजातच व्हायला हवी. १ जुलै २०२४ पासून तीन जुने कायदे गेले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. बाजारात जुन्या कलमांची पुस्तकं अजून विकली जातात. घेण्याआधी पाहून घ्या. सगळी कलमं पाठ करायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेची तीन कलमं सावकाश वाचा. १७३ वं प्रथम खबरीचं: तक्रार लिहून घ्यायची, तक्रारदाराला वाचून दाखवायची, त्याची सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची. १०५ वं झडती-जप्तीच्या चित्रीकरणाचं. १७६ वं तपासाचं; सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, ही नवी तरतूद त्यातच आहे.

एका गोष्टीची तयारी मात्र मला कुठल्याच अकॅडमीच्या वेळापत्रकात दिसत नाही. ती म्हणजे लिहिणं. शिपायाच्या लेखी परीक्षेत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण असतं, तेही बहुपर्यायी प्रश्नांचं. चौकटी काळ्या करून माणूस खात्यात येतो आणि पुढे आयुष्यभर लिहीत राहतो. फिर्याद, जबाब, पंचनामा, स्टेशन डायरी. ते लिखाण चुकलं तर खरा आरोपी सुटतो किंवा भलताच अडकतो.

पंचनामा घ्या. दोन पंचांसमक्ष, जागेवर, जे दिसलं तेवढंच लिहायचं. ‘रस्त्यात मृतदेह पडलेला दिसला’ एवढ्याने भागत नाही. रस्ता कुठून कुठे जातो, चारही दिशांना काय आहे, डोकं कुठल्या दिशेला, जवळचा दिव्याचा खांब किती फुटांवर आणि दिवा चालू होता की बंद, हे सगळं हवं. साक्षीदार म्हणणार, ‘मी आरोपीला ओळखलं.’ चार-पाच वर्षांनी उलटतपासणीत बचावाचे वकील विचारणार, ‘अंधारात कसं ओळखलं?’ त्या वेळी उत्तर पंचनाम्यातल्या त्या खांबावर अवलंबून असतं. जबाबाचंही तसंच. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. म्हणून तो त्याच्याच शब्दांत उतरवणं ही पूर्णपणे लिहिणाऱ्याची जबाबदारी होते. नंदुरबारची बाई जसं बोलली तसं लिहायचं. तिच्या तोंडी ‘सदर इसमाने मला अश्लील शिवीगाळ केली’ असं सरकारी वाक्य घातलं, की कोर्टात ती स्वतःचाच जबाब ओळखत नाही.

याचा सराव कॉलेजात सहज होतो. एक वही करा. आठवड्यातून एकदा कॉलेजच्या गेटवर, एसटी स्टँडवर किंवा आठवडी बाजारात वीस मिनिटं उभे राहा आणि पाहिलेलं लिहा: वेळ, दिशा, अंतर, उजेड, माणसांचे कपडे, कोण कुणाला काय म्हणालं. ‘बहुधा’ आणि ‘वाटलं’ हे शब्द टाळा. महिनाभराने ती पानं मित्राला द्या आणि त्यावरून जागेचा नकाशा काढायला सांगा. नकाशा जिथे अडेल तिथे तुमचं लिखाण अपुरं आहे. सोबत युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन शिकून घ्या. ठाण्यातलं बहुतेक काम आता संगणकावर होतं.

शेवटी एका कागदाबद्दल. निवड झाली की चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, हे त्यात विचारलेलं असतं. कॉलेजातली मारामारी, मिरवणुकीतला राडा, आंदोलनातली अटक, सगळं त्यात येतं. घाबरून पुष्कळ मुलं ‘नाही’ लिहितात आणि कमावलेली नोकरी तिथे जाते. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे निकष घालून दिले आहेत. किरकोळ प्रकरण खरं सांगितलं असेल तर त्याचा विचार होऊ शकतो. माहिती दडवणं हे मात्र नोकरी नाकारायला पुरेसं कारण ठरू शकतं. तेव्हा आधी त्या तीन वर्षांत दगड उचलू नका. आणि काही घडलंच असेल तर नमुन्यात गुन्ह्याचा क्रमांक लिहा, कलमं लिहा आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा.