२००९ चा नोकिया एन९०० आजही नवी सॉफ्टवेअर कशी चालवतो?

ड्रॉवरमध्ये पडून असलेला जुना फोन बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. चार्ज केला की स्क्रीन उजळते, बटणंही चालतात. पण वेबसाइट उघडत नाहीत, ॲप्स टाकता येत नाहीत. मग तो निकामी होतो तरी कसा? नोकिया एन९०० चं उदाहरण घेतलं की याचं उत्तर मिळतं.

एन९०० काय होता?

२००९ च्या अखेरीस आलेला हा फोन म्हणजे खिशात मावणारा संगणकच होता. साडेतीन इंची टचस्क्रीन, सरकवून बाहेर काढायचा कीबोर्ड, ६०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज. त्यावर लिनक्सवर आधारलेली 'माएमो ५' ही सिस्टीम चालायची. २०११ मध्ये नोकियानं विंडोज फोनची वाट धरली आणि माएमो मागे पडली.

मग अडलं कुठे?

पहिली अडचण सुरक्षेची. आजच्या वेबसाइट ज्या पद्धतीनं माहिती कुलूपबंद करून पाठवतात, ती जुन्या ब्राउझरला समजत नाही.

मग नवी सिस्टीम का टाकू नये? इथे ड्रायव्हरचा प्रश्न येतो. ड्रायव्हर म्हणजे सिस्टीम आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषा. स्क्रीन, वायफाय, कीबोर्ड अशा प्रत्येक भागाला तो लागतो. फोन कंपन्या सहसा लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एका ठरावीक आवृत्तीवर थांबवतात आणि त्यावर स्वतःचे ड्रायव्हर बसवतात. एन९०० चा मूळ कर्नल २.६.२८ होता. कर्नल पुढे जात राहतो, आतली रचना बदलते आणि कंपनीचे ड्रायव्हर जुन्या आवृत्तीतच अडकतात.

तोडगा काय निघाला?

एन९०० च्या बऱ्याच भागांचे ड्रायव्हर हळूहळू लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये सामील झाले. याला 'मेनलाइन' म्हणतात. याचा मोठा फायदा असा की, कर्नलची रचना कुणी बदलली, तर त्यातले ड्रायव्हरही त्या बदलाबरोबर दुरुस्त केले जातात.

याच पायावर पोस्टमार्केटओएस आणि माएमो लेस्टे या सिस्टीम उभ्या आहेत. २०१७ मध्ये जाहीर झालेली पोस्टमार्केटओएस अल्पाइन लिनक्सवर आधारित आहे. फोनला दहा वर्षांचं आयुष्य मिळावं, हे तिचं उद्दिष्ट होतं. माएमो लेस्टे देवुआनवर आधारित असून जुन्या माएमोचा चेहरामोहरा जपते.

काय अजूनही जमत नाही?

ग्राफिक्स चिप ही मोठी डोकेदुखी आहे. तिच्या ड्रायव्हरचा महत्त्वाचा भाग बंदिस्त आहे. त्याचा सोर्स कोड खुला नसल्यानं तो सहज सुधारता येत नाही. शिवाय २५६ एमबी रॅममध्ये आजचा ब्राउझर गुदमरतो. त्यामुळे बँकेचे व्यवहार किंवा रोजचे कॉल यासाठी या फोनवर विसंबू नये. टिपणं लिहिणं, गाणी ऐकणं, टर्मिनलवरून दुसऱ्या संगणकावर काम करणं, लिनक्स शिकणं यासाठी मात्र तो कामाचा आहे.

करून बघायचं असेल तर?

• नवी सिस्टीम मायक्रोएसडी कार्डवर टाकता येते. मूळ माएमो फोनमध्ये तशीच राहते.
• बॅटरी काढता येते. तिचं मॉडेल बीएल-५जे. भारतात खूप खपलेल्या नोकिया ५२३३ मध्येही हीच बॅटरी होती. फुगलेली बॅटरी वापरू नका.
• यूएसबी पोर्ट हा या फोनचा कच्चा दुवा आहे. केबल ओढाताण न करता लावा, नाहीतर पोर्ट बोर्डवरून निखळू शकतो.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

फोन किती वर्षं चालणार, हे फक्त हार्डवेअरवर ठरत नाही. ड्रायव्हर खुले आहेत का आणि ते मुख्य कर्नलमध्ये आहेत का, यावरही ते ठरतं. ते खुले असतील, तर कंपनीनं अपडेट थांबवल्यावरही दुसऱ्या कुणाला काम पुढे नेता येतं. नसतील, तर चालता फोनही ई-कचऱ्यात जातो.