लोणेऱ्याचे विद्यापीठ खानदेशात केव्हा येणार?

खानदेशातल्या आमच्या वस्त्यांमध्ये अभियांत्रिकीची गुणपत्रिका येते, तेव्हा तिच्यावर आता अनेकदा बाबासाहेबांचे नाव असते. जळगाव-धुळ्याकडची अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली. ते नाव वाचून आई-बापाचा ऊर भरून येतो, हे साहजिकच आहे. पण आम्ही चळवळीची माणसे आहोत. त्या नावामागे आमच्या मुला-मुलींच्या पदरात काय पडले, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे.

हे विद्यापीठ आहे रायगड जिल्ह्यातील लोणेरे या खेड्यात. माणगाव तालुका, मुंबई-गोवा महामार्ग, आणि थोडे पुढे गेले की महाड. ज्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या मातीत शासनाने १९८९ च्या कायद्याने तंत्रशास्त्राचे विद्यापीठ उभे केले. तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता. विधिमंडळाचा १९७८ चा ठराव धूळ खात पडला होता. तो नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तिथे नाव द्यायला कचरणाऱ्या सरकारने लोणेऱ्याला मात्र ते नाव दिले, हा इतिहास आम्ही विसरता कामा नये.

तरीही मूळ कल्पना चांगली होती. खेड्यात वसलेले, निवासी, स्वतः शिकवणारे आणि संशोधन करणारे सरकारी विद्यापीठ! बाबासाहेबांचाच तो विचार होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाईसरॉयला सादर केले. विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना देशातल्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपये द्या, अशी मागणी त्यात आहे. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आमच्या समाजाचे फारसे भले होणार नाही, उच्च प्रतीचे विज्ञान-तंत्रज्ञानच लागेल, असे त्यांनी बजावले. हे कोण म्हणतो? स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस! आम्हा काळ्या कोटवाल्यांनी हे रोज आठवावे. आणि प्रयोगशाळेचे शिक्षण महाग असते, ते गरिबाला सरकारनेच दिले पाहिजे, हेही त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे काय झाले? २०१४ च्या कायद्याने या विद्यापीठाला राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचे अधिकार मिळाले. जे शिकवणारे विद्यापीठ होते, त्याच्या माथी परीक्षा घेण्याचे आणि निकाल लावण्याचे ओझे आले. जळगावपासून लोणेरे पाचशेच्या आसपास किलोमीटर. आमच्या यावल-रावेरच्या, साक्री-शिरपूरच्या मुलाला लोणेऱ्याची प्रयोगशाळा दिसत नाही, वसतिगृह दिसत नाही. दिसते ते गावाजवळचे खासगी महाविद्यालय, त्याची फी आणि रखडलेली शिष्यवृत्ती. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे. ते आहे म्हणून आमची काही पोरे तरली. पण एवढ्या मोठ्या खानदेशाला एवढे पुरेल काय?

आणि खानदेशात संशोधनाला विषय कमी आहेत काय? केळीचा घड उतरला की खोड बांधावर कुजते. त्याच्या धाग्याचा उद्योग गावात का उभा राहू नये? दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सातपुड्यातील आदिवासी पाड्यांचा पाण्याचा प्रश्न आहे. या प्रश्नांवर पीएच.डी. करणारी मुले याच मातीतली, भूमिहीन मजुरांच्या घरातली असावीत. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय मुंबईत नव्हे, मागासलेल्या मराठवाड्यात काढले ते याचसाठी.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. लोणेरे विद्यापीठाने जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात स्वतःचे संशोधन केंद्र काढावे, सोबत मुला-मुलींची वसतिगृहे बांधावीत. त्यातील प्राध्यापकांची पदे बिंदुनामावलीप्रमाणे भरावीत. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज वा दाखला अडवू नये.

मागणी केली म्हणून कोणी देत नसते. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आपल्या हाती आहे. खासगी महाविद्यालय थेट माहिती देत नसेल, तर विद्यापीठाला विचारा. जी माहिती सार्वजनिक प्राधिकरण कायद्याने खासगी संस्थेकडून मागवू शकते, ती कलम २(च) प्रमाणे नागरिकालाही मिळते. राखीव जागा किती, भरल्या किती, पीएच.डी.ला अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी किती, मागासवर्गीय प्राध्यापक किती? प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला पाहिजे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मोर्चाचा खर्च लागत नाही.

जयंतीला डीजेवर उडणाऱ्या वर्गणीतून एका विद्यार्थ्याची वर्षाची खानावळ निघते, हेही आमच्या तरुण मंडळांनी ध्यानात घ्यावे. मात्र तेवढ्याने सरकारची जबाबदारी सुटत नाही. ज्या विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव आहे, त्याच्या प्रयोगशाळेत खानदेशच्या मजुराची लेक उभी राहिली पाहिजे. तोवर हा प्रश्न आम्ही विचारतच राहणार.

जयभीम!