राखणीच्या कुत्र्याचें बाळपण

गोठा, वाडी व खळें यांच्या राखणीस कुत्रें पाळण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईच्या उपनगरांत आतां राखण्यासारखें काय उरलें, असें कोणी विचारील. परंतु 1949 सालीं वसविलेल्या गोरेगांवच्या आरे दूध वसाहतींत अजून गोठे आहेत, तेथील आदिवासी पाड्यांवर भाजीपाला व कोंबड्या आहेत, आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या राष्ट्रीय उद्यानांत बिबळे आहेत. अशा ठिकाणीं रात्रीं वेळेवर भुंकणारें कुत्रें घरास हवेंच. तथापि तें कसें वाढवावें याविषयीं एक मोठा गैरसमज रूढ आहे, व त्याचें फळ आम्हीं स्वतः भोगलें असल्यामुळें तो येथें मांडीत आहों.

राखणीचें कुत्रें तिखट हवें, म्हणून पिलूं माणसांपासून दूर बांधून ठेवावें, हा तो समज. बोरिवलीजवळच्या आमच्या वाडींत एकदां एकाच वेताचीं दोन पिलें होतीं. नर पिलूं आम्हीं गोठ्यामागें साखळीस बांधलें. मादी मात्र घरच्या मुलांनीं उचलली, व ती दुधाच्या फेरीबरोबर टोपलींत बसून दारोदार हिंडली. वर्षभरानें तो बांधलेला कुत्रा पाहुण्याची छत्री पाहिली तरी थरथर कांपे. आणि एके दिवशीं चेंडू शोधावयास आलेल्या शेजारच्या मुलाच्या पोटरीस तो कडकडून चावला. त्या मुलास सुया टोचून घ्याव्या लागल्या. कुत्रा दुष्ट नव्हता, भ्यालेला होता. आणि अपराध आमचा होता. त्याची बहीण दिवसां सर्वांशीं गोडीनें वागे, आणि रात्रीं अनोळखी पाऊल वाजतांच सारी वाडी जागी करी. माणसाळलेलें कुत्रें राखण सोडतें, हें म्हणणें तिनें खोटें पाडलें.

याचें कारण शास्त्रज्ञांनीं फार पूर्वींच दाखविलें आहे. अमेरिकेंत फ्रीडमन, किंग व एलियट यांनीं 1961 सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुंपणाच्या आंत माणसांपासून दूर वाढविलेल्या पिलांपैकीं कांहींस त्यांनीं निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसांत आणलें. ज्यांस 14 आठवड्यांपर्यंत आणलेंच नाहीं, तीं पुढें रानटी जनावरांसारखीं वागूं लागलीं. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन नवी गोष्ट सहज स्वीकारतें. त्यापुढें जें अनोळखी तें त्यास भयाचें वाटूं लागतें. शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. वाफशावर पेरलेलें बीं उगवतें. वाफसा उडाल्यावर दुप्पट राबूनही तें साधत नाहीं.

आतां करावयाचें काय, तें सांगतों. पिलूं 8 आठवड्यांचें होईपर्यंत आई व भावंडें यांजपासून तोडूं नये; दांत किती जोरानें लावावा, हें तें भावंडांशीं खेळतांनाच शिकतें. त्या काळांतही घरच्यांनीं त्यास रोज हाताळावें. पंजे, कान व तोंड उघडून पहावें, म्हणजे पुढें औषध पाजतांना झटापट होत नाहीं. रोज एक-दोन नव्या गोष्टी त्यास दाखवाव्या: म्हातारीं माणसें, लहान मुलें, काठी, छत्री, किटल्यांचा खणखणाट, मोटारसायकल, म्हशी, शेळ्या. दर वेळीं भाकरीचा तुकडा द्यावा. पिलूं शेपूट पायांत घालून मागें सरलें, तर पुढें ओढूं नये; अंतर वाढवावें. तें कोंबड्यांमागें धांवूं लागलें, तर खेळ समजून हंसूं नये. कोंबड्यांसमोर त्यास दोरीवरच ठेवावें व शांत बसल्यास खाऊ द्यावा.

येथें एक अडचण येते. याच वयांत पार्व्हो व डिस्टेंपर हे जीवघेणे रोग पिलांस गांठतात. त्यांवरील पहिली लस 6 ते 8 आठवड्यांच्या सुमारास टोचून पुढें 3-4 आठवड्यांच्या अंतरानें 16 आठवड्यांपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस 3 महिन्यांच्या सुमारास देतात. तोंवर पिलूं कोंडून ठेवावें, तर वाफसा निघून जातो. यास उपाय टोपलीचाच. पिलूं कडेवर किंवा टोपलींत घेऊन हिंडवावें. भटकीं कुत्रीं जेथें फिरतात, त्या जमिनीवर मात्र सोडूं नये. रात्रीं त्यास आंत घ्यावें, कारण बिबळ्यास कुत्रें हें सोपें भक्ष्य आहे.

इतकें करूनही कोणास पिलाचा दांत लागला, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पिलूं लहान आहे, घरचें आहे, म्हणून हयगय करूं नये. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं रोगी बहुधा हातचा गेलाच.

त्या बांधलेल्या कुत्र्यास माणसाळविण्याचा पुढें आम्हीं पुष्कळ यत्न केला. दोन वर्षांनीं तो घरच्यांचा हात सोसूं लागला. परक्याचा त्यानें कधींच सोसला नाहीं. ज्यांच्या घरीं या दिवसांत पिलूं आलें असेल, त्यांनीं त्याचे हे थोडे आठवडे वायां दवडूं नयेत, एवढीच आमची विनंती आहे.