माळावरचा डोंबारी आणि कुंपणावरची कळलावी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात असलेले तलवाडा त्वरितादेवीच्या मंदिरामुळे परिचित आहे. मराठवाड्यातील अशा गावांच्या उघड्या माळावर डोंबारी चंडोल हा गाणारा पक्षी आढळतो. कळलावी ही वेल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पावसाळ्यात कुंपणांवर व झुडुपांत फुलते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत दोघांचीही नोंद ‘किमान चिंतेची जाती’ अशी आहे. या शब्दांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा.

डोंबारीचे शास्त्रीय नाव ‘एरेमॉप्टेरिक्स ग्रिसियस’. चंडोल कुलातील हा पक्षी चिमणीहून किंचित लहान असतो. नराचा माथा राखी व पोट काळे असते. तो शीळ घालीत हवेत चढतो आणि पंख मिटून खाली झेपावतो. डोंबारी हे नाव त्याला शोभते. त्याचे घरटे जमिनीवर, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला असते.

कळलावीस लिनियसने 1753 मध्ये ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे नाव दिले. पूर्वी ती लिली कुलात गणली जाई. आता तिचा समावेश कोल्चिकेसी कुलात होतो. पानांच्या टोकाच्या तणाव्यांनी ती आधार धरते. नांगराच्या आकाराच्या कंदामुळे संस्कृतात तिला ‘लांगली’ म्हणतात. कंदात कोल्चिसिन हे औषधी, परंतु अत्यंत विषारी द्रव्य असते. विद्यार्थ्यांना फूल दाखविताना शिक्षकांनी हे अवश्य सांगावे.

लाल यादीतील दर्जा जातीच्या संपूर्ण प्रसारक्षेत्राचा विचार करून ठरतो. एखाद्या गावातून ती नाहीशी झाली तरी तो बदलत नाही. शिवाय दोघांवरील संकटे निराळी आहेत. कळलावीचा कंदच उपटला की वेल संपते. डोंबारीला कोणी हात लावला नाही, तरी माळ नांगरल्याने त्याचे घर जाते. सदिच्छेने केलेल्या दाट वृक्षलागवडीनेही तेच होते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. कायद्याचे संरक्षणही सारखे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींना स्थान मिळाले ते 1991 च्या दुरुस्तीने, आणि तेव्हाच्या सहा वनस्पतींत कळलावी नव्हती.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. गायरानात खड्डे खोदण्याचा ठराव करण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी ही नोंदवही उघडावी. तीत केवळ जातींची नावे नसावीत. पक्षी कोणत्या माळावर घरटे करतो आणि वेल कोणत्या बांधावर उगवते, हेही लिहिलेले असावे.